मागच्या दारचा गुलाब

पेडण्याच्या आमच्या घरी मागच्या दाराशी, भिंतीला लागून एक गुलाब होता. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा आईने दिलेली फांदी आणून मी तो वाढवलेला. पुढे आई गेली. डिचोलीचं माहेरचं परस खाणीच्या रस्त्यात गेलं, त्याबरोबर तिकडचं झाडही गेलं. आईचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं, आणि गोवा राज्य झालं त्याच वर्षी ते रुसलं.

दसरा गेला, दिवाळी गेली, एक कळी नाही. पानं कडेने करपून गळत होती. पुढच्या सोप्यावर आमचे हे आणि त्यांचे मित्र कोंकणी की मराठी यावरून हमरीतुमरीवर येत आणि मी आत चहा उकळत गुलाबाचा विचार करत असे. सासूबाईंचं एकच पालुपद होतं.

"उपटून टाक गो ता झाड. माझ्या मिरच्यांका जागा व्हयी."

"नाही उपटणार. मासे धुतलेलं पाणी रोज घालतो की आपण त्याला."

"इतक्या करून फुलणा नाय, मगे कित्याक व्हया?"

एका सकाळी मी चिडून खुरपं घेतलं आणि बुंध्याशी बसले. मातीवर पांढरट खपली दिसली. बोटाने उचलून जिभेला लावली आणि थुंकले. मीठ! मग डोक्यात प्रकाश पडला. पावसाळ्यात ताजी मासळी नसते, तेव्हा आम्ही खारवलेले बांगडे खातो. ते भिजवल्याचं खारट पाणीही सवयीने गुलाबालाच जात होतं. एरवी ते पावसात धुऊन जाई. त्या वर्षी मात्र सासूबाईंनी हौसेने मागच्या भिंतीला नवी लांबरुंद झापं बांधून घेतली होती, नारळाच्या झावळ्या विणून केलेली. भिंत कोरडी राहिली आणि झापांच्या आतला गुलाबही.

मग मी हट्टालाच पेटले. वरची माती खरवडून पाट्या भरभरून लांब टाकल्या. विहिरीवरून कळशा आणून ओतल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा ओतल्या. जुनं शेणखत घातलं. फांद्या गुडघ्याएवढ्या छाटून टाकल्या. कंबर मोडली, हात काट्यांनी सोलून निघाले. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"मेला आता ता," म्हणाल्या, आणि छाटलेल्या काटक्या गोळा करून घेऊन गेल्या. आईचा गुलाब चुलीत जाणार म्हणून मला भयंकर राग आला, पण भांडायला अंगात त्राण नव्हतं.

संक्रांतीच्या सुमाराला लालसर कोंब दिसले. शिमग्याआधी कळी धरली, आणि एका सकाळी फूल उमललं. तोच फिका गुलाबी रंग, तोच वास. मी तिथेच बसून रडले.

सासूबाईंनी विहिरीमागून हाक मारली. तिथे एका फुटक्या कळशीत माती भरून त्यांनी त्या काटक्या खोचून ठेवल्या होत्या. त्यातल्या दोन काटक्यांना पानं फुटली होती.

"माका वाटला ता मरतला," त्या म्हणाल्या. "तुझ्या आवशीचा एकच झाड. म्हणान ह्या लावन ठेवलंय."

त्यांनी आपल्या वाफ्याकडे बोट दाखवलं.

"मिरच्येची दोन झाडां उपट, आणि ह्या थंय लाय."