काटेमामा आणि अडून बसलेला आकडा

अख्ख्या बाजारातले काटे ज्यांच्या शब्दाबाहेर जात नसत, त्या काटेमामांचं स्वतःच्या घरातल्या काट्याशी पाच आठवडे वाकडं होतं. काटा म्हणे एकशे सतरा. मामा म्हणत, शक्यच नाही.

मामांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. किराणा दुकानातल्या काट्यापासून अख्खा ट्रक उभा राहील एवढ्या काट्यापर्यंत सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. ट्रकच्या काट्याखाली एक खड्डा असतो आणि त्यात उतरायला दीड फुटाचं चौकोनी भोक. गेल्या वर्षी मामा त्या भोकात कमरेशी अडकले. पाय खाली लोंबताहेत, हात वर, आणि तोंडाचा पट्टा चालूच. पाऊण तासाने मामी घरून तेलाची बाटली घेऊन धावत आल्या, ती कमरेभोवती ओतली, आणि मामींच्या भावाने दोन ट्रकचालकांच्या मदतीने मामांना उपसून काढलं. एक चप्पल आतच राहिली. अब्रूही तिथेच कुठेतरी राहिली असावी.

तेव्हापासून खड्ड्यात हा मेहुणा उतरू लागला. मेहुणा काडीसारखा, पण कामात यथातथाच. मामा भोकाशी ओणवे होऊन विचारायचे, "काय दिसतंय?" आतून ठरलेलं उत्तर यायचं, "सगळं ठीक आहे, दाजी!" आणि काटा तर मागच्या उजव्या कोपऱ्यात सरळ वीस किलो कमी दाखवत होता. तीस वर्षांत मामांच्या हातचा काटा कधी खोटा निघाला नव्हता. हे दुखणं त्यांना झोपू देईना.

म्हणून त्यांनी पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. डॉक्टरांना त्यांनी गुडघे, साखर, धाप अशी शहाण्या माणसाची कारणं सांगितली. खरं कारण दीड फुटाचं होतं.

एकशे शेहेचाळीसवरून वजन आधी धडाधड उतरलं, मग रांगायला लागलं, आणि एकशे सतरावर आल्यावर त्याने बसकण मारली ती मारलीच. वाटीभर जेवण, एकेक घास तीस वेळा चावणं, रोजचं चालणं, सगळं मामा इमानेइतबारे करत होते. आकडा ढिम्म. म्हणजे दोष काट्याचा! मामांनी दुकानातून वीस-वीस किलोची प्रमाणित वजनं आणून घरच्या काट्यावर ठेवली. वीसला वीस, शंभरला शंभर. मग फरशीवर संशय आला. काटा स्वयंपाकघरात गेला, गॅलरीत गेला, देवासमोरही जाऊन आला. दिवसातून अकरा वेळा वजन व्हायचं. एका सकाळी मामांनी चाळीस वर्षांची मिशी उतरवली आणि पुन्हा काट्यावर चढले. एकशे सतरा.

"अहो, मिशीचं काय वजन असणार?" मामी हताश होऊन म्हणाल्या.

"पासंगापुरतं तरी असायला हवं होतं," मामा ओठ चाचपत म्हणाले. त्यांना रडू यायचं बाकी होतं.

आहार सांगणाऱ्या बाई समजूतदार होत्या. "असं थांबतं मधेमधे. धीर धरा. वजन आठवड्यातून एकदाच करा आणि टेपने कंबर मोजत जा."

"टेप?" मामा दुखावले. "बाई, टेप हे शिंप्याचं हत्यार. आम्ही वजनातली माणसं."

"बरं, पँट सैल होतेय का?"

"होतेय ना. हल्ली कापडात पूर्वीचा दमच राहिला नाही."

"आणि पट्टा?"

"चामडं ताणतं हो."

मामी छताकडे बघत राहिल्या. त्या पट्ट्याला चार नवी भोकं त्यांनीच पाडली होती, तीही मामांच्याच हत्याराने.

अशात ट्रकच्या काट्याची सरकारी तपासणी तोंडावर आली. काटा नापास झाला तर मामांनी धंद्यातून उठण्याचं बोलून दाखवलं होतं, आणि ते बोलले की करत. आदल्या दिवशी दुपारी मेहुणा खड्ड्यात उतरला. मामी नेहमीप्रमाणे पिशवी घेऊन डबा द्यायला आल्या होत्या. एरवी दुकानात डबा मेहुण्याच्या हाती पाठवणाऱ्या मामी ट्रकच्या काट्याचं काम असलं की वर्षभर जातीने हजर असायच्या.

"काय दिसतंय?"

"सगळं ठीक आहे, दाजी!"

"ठीक असेल तर वीस किलो काय तुझ्या खिशात गेले? वर ये! हो बाजूला!"

मेहुणा वर आला. मामांचं डोकं असं भडकलं होतं की बॅटरी हिसकावून ते शिव्या देत खाली उतरले. शिव्यांचा आवाज हळूहळू घुमायला लागला.

"दाजी," मेहुणा जपून म्हणाला, "तुम्ही कुठे आहात?"

"खड्ड्यात! अजून कुठे अस—"

आणि आवाज बंद झाला. वर मामींनी पिशवी छातीशी धरली. मग खालून हसू आलं, आणि ते थांबेचना.

मामा बाहेर आले ते चिखलाने माखून, हातात एक चप्पल घेऊन. त्यांचीच. मधल्या पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरलं तेव्हा ती तरंगत जाऊन काट्याखालची तुळई आणि भिंत यांच्या फटीत घट्ट बसली होती, आणि त्या कोपऱ्याचा भार गुपचूप उचलत होती.

"मला ती काट्याचाच भाग वाटली," मेहुणा म्हणाला.

ट्रक पुन्हा उभा केला. चारही कोपरे सारखे. मामा धापही न टाकता भोकाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "अगं, भूक लागली. डबा दे." मामी पिशवी छातीशी धरूनच उभ्या होत्या, म्हणून मामांनी स्वतःच तिच्यात हात घातला. डब्याच्या आधी हाताला बाटली लागली. तेलाची, गच्च भरलेली.

"ही दर वेळी आणत होतीस?"

"तुम्ही उतरल्याशिवाय राहणार नव्हतात," मामी म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

संध्याकाळी मामांनी ती बाटली आपल्या हाताने स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली. मग काट्याला वळसा घालून ते शिवणाच्या डब्यापाशी गेले आणि टेप शोधू लागले.