आडाचं पिवळं पाणी

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला औद्योगिक सांडपाणी आणि घातक पदार्थ असा एक नवाच पेपर आला. पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा नुकताच झाला होता, पुस्तकं धड मिळत नव्हती आणि हा विषय घेणारे आम्ही तिघं-चौघंच होतो. त्यात मुलगी मी एकटी. माढ्याची, सोलापुरात सात रस्त्याजवळ मावशीकडे राहणारी.

हा पेपर शिकवणाऱ्या सरांनी प्रोजेक्टसाठी मला एक आड नेमून दिला. कॉलेजच्या मागच्या भिंतीपलीकडे एक गल्ली होती, तिथल्या आडाचं पाणी अधूनमधून पिवळं येत होतं. गल्लीच्या वरच्या अंगाला सूत रंगवायचा कारखाना. त्याचा उघडा नाला आडाजवळूनच जायचा, कधी निळा, कधी लालभडक. गल्लीत कुणालाही विचारलं तरी बोट कारखान्याकडेच जायचं.

"नाल्यापासून सुरुवात कर," एवढंच सर म्हणाले.

पहिल्या दिवशी काचेच्या बाटल्या घेऊन गेले तर आडावरच्या बायकांनी रहाटाचा दोर हातातच धरून ठेवला. आडाला लागून ज्यांचं घर होतं त्या बाईंना सगळे अक्का म्हणत. अक्कलकोटकडच्या, घरात कानडी बोलणाऱ्या. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"म्युन्शिपाल्टीतनं आलीस व्हय?"

"नाही, कॉलेजातून. पाणी तपासायचंय."

"तपासून?"

मी बाटलीचं बूच काढायला लागले. अक्कांनी दोन्ही हात माझ्यासमोर पसरले. बोटांच्या बेचक्यांत कातडी फाटून लाल झाली होती. "मागं पन एक साहेब आलता. बाटली भरून घिऊन गेला. परत तोंड दावलं न्हाय. तू तरी कशाला येशील?"

प्रयोगशाळेत त्या पाण्यात तपासणीचा द्रव टाकला आणि पाणी बघता बघता जांभळं झालं. म्हणजे क्रोमियम, आणि तेही विषारी रूपातलं. काही रंग सुतावर पक्के करायला क्रोमियमचे क्षार वापरतात हे मी वाचलेलं होतं. माझ्या लेखी गुन्हेगार सापडला होता, फक्त नाल्याचं पाणी तपासून शिक्का मारायचा बाकी होता.

कारखान्याचे मालक पन्नाशीचे, घरात तेलुगू आणि बाहेर सोलापुरी मराठी बोलणारे. "या, या, तुमचीच वाट बघत होतो," असं म्हणत त्यांनी चहा मागवला. मी दचकलेच. मी येणार हे यांना कुणी सांगितलं? मी नाल्याकडे गेले तर त्यांचा एक माणूस सावलीसारखा मागे. बाटली भरेपर्यंत तो माझ्या हाताकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे.

नाल्याच्या पाण्यात क्रोमियम निघालं नाही. पुन्हा तपासलं, तरी नाही.

आज मुद्दाम क्रोमियम लागणारा रंग बंद ठेवला असणार, हे माझ्या मनानं लगेच घेतलं. मी जाणार हे फक्त सरांना माहीत होतं. मग एका संध्याकाळी सात रस्त्यावर एका दुकानाच्या फळीपाशी सर आणि मालक बोलत उभे दिसले. मालक हसत होते, सर मान हलवत होते. मी पदर डोक्यावर ओढून पलीकडून निघून गेले. त्या दिवसापासून सरांना कुठलाच बेत सांगायचा नाही असं ठरवलं. ते विचारत, "काम कुठवर आलं?" मी म्हणे, "चाललंय."

मी न सांगता जायला लागले. कधी सकाळी, कधी दुपारी सगळे जेवायला बसलेले असताना. नाल्यात क्रोमियम नाही म्हणजे नाही. शेवटी मालकांचा संयम सुटला.

"बाई, तुम्ही मला चोर समजता काय? चला, गोदाम बघा."

त्यांनी एकेक डबा उघडून दाखवला. तुम्ही म्हणता तो रंग आम्ही लावतच नाही, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मी हं हं करत होते, पण दाखवायचे डबे वेगळे आणि वापरायचे वेगळे असतील, हेच डोक्यात घोळत होतं. गोदामातून बाहेर पडले तेव्हा आडावरच्या बायका माझ्याकडेच बघत होत्या. मी जवळ गेले तशी त्यांची बोलणी बंद झाली.

दिवाळीच्या सुट्टीला मी माढ्याला गेले आणि सुट्टी संपायच्या आधीच परतले. आडावर गेले तर पाणी स्वच्छ, तळाची कपार दिसत होती. सोबत नेलेला तपासणीचा द्रव तिथंच टाकला तर फिकट गुलाबी छटा, तीही नसल्यासारखी. शेजारून नाला मात्र लालभडक वाहत होता.

"कारखाना बंद होता का?" मी अक्कांना विचारलं.

"कुटला बंद? पाडव्याचा दीस सोडला तर रोज धडधड चालू हाय की."

मी नाल्याच्या काठावर बसूनच राहिले. कारखाना चालू होता आणि आड निवळला होता. या काळात बंद काय होतं? आजूबाजूला बघताना कॉलेजची भिंत दिसली.

कॉलेज उघडलं, प्रॅक्टिकलं सुरू झाली. काचेची भांडी स्वच्छ करायला आम्ही एक तांबूस-नारिंगी आम्ल वापरायचो. क्रोमियमचंच ते. काम झालं की बेसिनमध्ये ओतायचं आणि वरून नळ सोडायचा, आम्हा सगळ्यांचा तोच शिरस्ता. बेसिनच्या पुढे ते कुठं जातं हे त्या पेपरासाठी पाठ केलेल्या कुठल्याच धड्यात नव्हतं. मी प्रयोगशाळेच्या मागे गेले. भिंतीला लागून पाइप फुटला होता. त्याखाली गवताची काडी नव्हती, माती पिवळी पडली होती. भिंतीपलीकडे अक्कांचा आवाज ऐकू येत होता.

ती माती पाण्यात ढवळून तपासणीचा द्रव टाकला तर पाणी गडद जांभळं झालं. ती परीक्षानळी घेऊन मी सरांसमोर उभी राहिले. हे आता दाबून टाकणार, अशी माझी खात्रीच होती. सरांनी आधी दार लावलं आणि विचारलं, "आणखी कुणाला सांगितलंस?"

"अजून नाही. पण सांगणार आहे."

ते माझ्याबरोबर मागे आले, उकिडवे बसून त्यांनी पाइप बघितला. त्याच आठवड्यात पाइप बदलला. वापरलेलं आम्ल साठवायला मातीच्या बरण्या आल्या, ते निकामी केल्याशिवाय टाकायचं नाही अशी पाटी लागली. मालकांकडे सर स्वतः गेले होते, मला आत सोडा म्हणून सांगायला, तेही तेव्हा कळलं.

"सर, तुम्हाला आधीच शंका होती का?" मी धीर करून विचारलं.

"होती थोडी. पण मी बोललो असतो तर तू तेवढंच बघितलं असतंस."

"तोवर लोक ते पाणी पीत होते."

सरांनी चष्मा पुसायला घेतला. त्यांना खरंच किती माहीत होतं, हे मला आजही ठरवता येत नाही.

गल्लीत मात्र आम्ही दोघं गेलो. आडाचं पाणी पुढचे काही महिने प्यायचं नाही, दोष कारखान्याचा नाही, कॉलेजचा आहे, असं सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मग अक्का माझ्याकडे वळल्या.

"किती दिलं गं त्या मालकानं तुमास्नी?"

"अक्का, खरंच सांगतेय. मी स्वतः तपासलंय."

"आमाला काय डोळं न्हाईत? रंग कुनाच्या नाल्यात हाय?"

त्यांनी कळशी उचलली आणि आत निघून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून अख्खी गल्ली लांबच्या नळावरून पाणी आणायला लागली, तेवढं त्यांनी ऐकलं. उन्हाळ्यापर्यंत अक्कांचे हात बरे झाल्याचं मी लांबूनच पाहिलं. त्या माझ्याशी पुन्हा बोलल्या नाहीत.