ओढ्यापलीकडचं नेटवर्क

सरांनी पांढऱ्या फळ्यावर गाव काढलं. मध्ये देऊळ, भोवती घरं, खाली ओढा. ओढ्याच्या पलीकडे चार चौकोन. मार्कर त्या चौकोनांवर टेकवून त्यांनी वर्गाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"तू चंदगडकडची न्हवं? बौद्ध वस्तीतली?"

मी उभी राहिले.

"हे गाव म्हंजे एक नेटवर्क. ही वस्ती दुसरं नेटवर्क. वस्तीतल्या कॉम्प्युटरला गावातल्या कॉम्प्युटरसंगं थेट बोलता येत न्हाय. आता सांग, वस्तीतल्याला गावात यायचं झालं तर आधी कुणाला इचारायचं?"

"गेटवेला, सर."

"शाब्बास. बस."

वर्ग हसला. फार मोठ्यानं नाही. एका बाकावरून दुसऱ्या बाकावर हसू सरकत गेलं आणि थांबलं. सर पुढे शिकवायला लागले. मी मान खाली घालून ते चित्र वहीत उतरवून घेतलं. देऊळ, ओढा, वस्ती, सगळं. खाली नीट अक्षरात लिहिलं, दोन वेगळ्या नेटवर्कना जोडतो तो राउटर आणि बाहेर पडायचं त्याचं दार म्हणजे गेटवे.

खरं सांगायचं तर सबनेट मला त्याच दिवशी समजला. एका मोठ्या नेटवर्कचे भाग पाडायचे, त्यातला एकेक भाग म्हणजे सबनेट. दोन आठवडे डोक्यावरून जात होता. त्या चित्रानं एका मिनिटात कळला, कारण ते गाव मला पाठ होतं. म्हणून हसण्यापेक्षा मला त्या बरोबर उत्तराची जास्त लाज वाटते. अजूनही वाटते.

कॉम्प्युटर नेटवर्किंगचा तो क्लास कोल्हापुरात होता, मी कळंब्याला आत्याकडे राहायचे. त्या दिवसापासून माझं नाव पडलं, पलीकडचं नेटवर्क. प्रॅक्टिकलला कुणी शेजारी बसेना. काही विचारायला तोंड उघडलं की मागून आवाज यायचा, "गेटवेला इचार." सर ऐकायचे. गालात हसायचे. त्यांना वाटायचं, पोरांच्या चांगलं लक्षात राहिलंय.

आई गावाकडे काजूच्या कारखान्यात काजू सोलायची. तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "शिकतीस न्हवं? मग गप शीक. आमी काय कमी सोसलंय?" तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी गप शिकले. थकले, पण शिकले.

एकदा प्रॅक्टिकलला दोन कॉम्प्युटर माझ्या एकटीच्या वाट्याला आले. सरांनी दोघांना वेगवेगळे पत्ते दिले होते, मुद्दाम, दोन नेटवर्क वाटावीत म्हणून. मी एकावरून दुसऱ्याला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का' अशी हाक मारली. उत्तर नाही. टेबलाखाली वाकून पाहिलं. दोघांच्या वायरी एकाच स्विचमध्ये, म्हणजे वायरी एकत्र जोडायच्या डबीत. दोन्हीकडचे दिवे लुकलुकत होते. मी दुसऱ्याच्या पत्त्यातला एक आकडा बदलला. लगेच उत्तर यायला लागलं.

मी बसून राहिले. वायर आधीपासून एकाच ठिकाणी येत होती. मध्ये ओढा नव्हताच. कुणीतरी खुर्चीत बसून आकडे टाकले होते, म्हणून हे दोघं परके होते. आमच्या गावचा ओढा मे महिन्यात पायही न भिजवता ओलांडता येतो. तरी पलीकडचे ते पलीकडचे. तेही कुणीतरी ठरवलेलंच. इतकी साधी गोष्ट कळायला मला कॉम्प्युटर लागला, याचा मला राग आला. स्वतःचाच.

मग कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे साहेब क्लासवर आले. त्यांना एक टेक्निशियन हवा होता. परीक्षेत मी पहिली होते. सरांनी माझ्या हातात मार्कर दिला.

"सबनेट समजावून सांग सायबांना. आपलं ते गावाचं चित्र काढ."

मला ती नोकरी हवी होती. फार हवी होती. आईचे हात काजूच्या चिकानं काळे पडले होते, सालं निघत होती. चार रेघा ओढल्या असत्या तर काम झालं असतं. हात फळ्यापर्यंत गेलाही.

"तसलं चित्र मी काढत न्हाय, सर."

"का? सोपं पडतंय की."

"तुमाला पडतंय."

मी कारखाना काढला. स्टोअर, ऑफिस, मशीन शॉप, तीन सबनेट, मध्ये राउटर. नीट समजावलं, कुठे अडखळले नाही. साहेबांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या मुलाला घेतलं. ते गेल्यावर सर म्हणाले, "नखऱ्यापायी चांगली संधी घालवलीस बघ." आत्या चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

पुढे वर्षभर एका दुकानातर्फे लोकांकडे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या वायरी ओढल्या. शिडीवर, पत्र्याखाली, उन्हात. आता त्याच एमआयडीसीतल्या दुसऱ्या कारखान्यात सगळं नेटवर्क माझ्याकडे आहे. संध्याकाळी खांदे भरून येतात.

गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला.

"नवीन बॅच हाय सोमवारपास्नं. तुझा फोटो डिजिटल बोर्डावर टाकतो. बघून मुली येतील."

मी विचारलं, "सबनेट अजून तसाच शिकवता?"

"व्हय की. पोरास्नी पटकन कळतंय."

"मग फोटो टाकायचा न्हाय."

"अगं, त्यात काय एवढं? आमच्या मनात काय न्हवतं."

त्यांच्या मनात खरंच काही नसेल. मी फोन ठेवला. हेही थकवा आणतं, कुणाच्याच मनात काही नसणं.

मी रजा टाकली आहे. सोमवारी त्या वर्गात जाऊन बसणार आहे. बोलावणं नाही, पण जाणार. त्यांनी गाव काढायला घेतलं की उठून, सगळ्यांसमोर, हातानं फळा पुसणार आहे. बाहेर काढलं तर मंगळवारी पुन्हा जाईन.