गुडघ्याएवढे बुंधे

शेवंतीकाकूंना कुणी बोलावत नसे. बोरिवलीच्या डोंगराकडे ज्याचं सागवान तोडायला निघालं, त्याच्या बांधावर त्या आपण होऊन हजर. सोबत धोंडू आणि काशीराम. तिघांचीही तिथे स्वतःची रानं. सल्ला फुकट, शिव्याही फुकट.

छप्पन साली वडिलांनी लावलेला साग मी तोडायला दिला. मी पार्ल्यात राहणारा, कचेरीत खर्डेघाशी करणारा. झाडातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. काकू आल्या आणि तडक मला शेजारच्या त्यांच्या रानात घेऊन गेल्या. तिथे गुडघ्याएवढे बुंधे उभे होते, सगळे वाळलेले.

"बघ. वाकायला नको म्हणून तोडणारे इथं घाव घालतात. मी गप्प बसले. वर फांद्या रचून भाताच्या रोपांसाठी राब जाळला. एकाही बुंध्याला धुमारा टिकला नाय. तू जमिनीलगत तोडायला लाव. काप उतरता दे, पाणी साचायला नको. आणि आग लावलीस तर बघ!"

स्वतःची चूक अशी उघडी करून दाखवणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. मला त्यांचा आदर वाटला आणि स्वतःची लाज.

कंत्राटदार चंद्रप्रकाश मात्र खवळला. "खाली दगड आहेत, कुऱ्हाडीची धार जाईल. माझी माणसं दिवसभर वाकणार काय? मालक तुम्ही की ही बाई?"

माझे कान तापले. "मालक मीच. जमिनीलगत तोडायचं, नाहीतर चालू लागा."

"तुमचं लाकूड कोण नेतो बघतोच," म्हणत तो माणसं घेऊन चालता झाला. पण रविवारी काकू, धोंडू आणि काशीराम आपापल्या कुऱ्हाडी घेऊन आले. होळीपर्यंत दर रविवारी आम्ही चौघं वाकून तोडत होतो. माझ्या हातांना फोड आले, कंबर मोडली.

आषाढात बुंध्याबुंध्यातून हातभर धुमारे निघाले. वडिलांचा साग जगला होता. मला रडूच आलं. काकूंनी शाबासकी दिली नाही. "बुंध्यावर एक जोमाचा ठेव, बाकीचे खुडून टाक," म्हणाल्या. "आणि रविवारी मुलुंडला यायचं. तिथले माणिकराव दिवाळीनंतर साग काढतायत, कंत्राटदार आताच ठरवतायत."

"अहो काकू, मला काय कळतं त्यातलं?"

"कंत्राटदाराला नाही म्हणायला कळतं ना? माणिकरावांना तेच जमत नाय. चल."