अंबाडीच्या फुलांतलं आंबट-गोड पोर्क

नवरा जेवायला बसला की मी त्याच्याकडे पाठ करून बसायचे. घास अडकतोय का, ठसका लागतोय का, हे मी टक लावून बघते, असं तो म्हणायचा, आणि ते खरंच होतं. म्हणून मी नुसती ऐकत बसायचे. वाटीतला चमचा थांबला की विचारायचे, "कसं झालं?" तो म्हणायचा, "चालते."

या एका शब्दाने माझा जीव अगदी नकोसा केला होता. लग्नानंतरची बरीच वर्षं तो ईशान्येकडे फौजेत आणि मी इकडे, राळेगावजवळच्या आमच्या गावात अंगणवाडी सेविका. सुट्टीवर आला की पहिल्याच घासाला खोड काढायचा. वरणात मीठ जास्त, वांग्यात तेल कमी, भाकर जाड. त्यावरून आमची कडाक्याची भांडणं व्हायची. निवृत्त होऊन घरी आला तेव्हा मला वाटलं, आता रोजचंच झालं हे. आणि मग तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, जखमा भरायला कितीतरी महिने गेले. ताटात काहीही ठेवा, खोड काढणारा माणूस 'चालते' म्हणू लागला. त्याच्या जिभेची चवच गेली होती. "माती खाल्ल्यावानी लागते," एवढं एकदाच बोलला.

हे सगळं खर्र्याने केलं. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून तो घोटत बसायचा, आणि घोटण्याचा तो आवाज कानावर आला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बोलून बोलून माझं तोंड दुखलं, पण खर्रा काही सुटला नाही. आजारी माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलेली होते. त्याला भरवताना, त्याची उशी बदलताना, रात्रीचं औषध देतानाही रागावलेली होते, आणि थकलेली तर इतकी होते की राग काढायलाही अंगात जोर नव्हता.

नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, वजन आणखी उतरलं तर पुन्हा नाकातून नळी घालावी लागेल. आधीच्या खेपेला ती नळी त्याने झोपेत उपसून काढली होती. "पुन्हा नळी घालायची असंन तं मले नेऊच नोको," हे त्याने मला शांतपणे सांगितलं होतं, आणि तो शांतपणे बोलला की ते खरं असतं. आमच्या अंगणवाडीत गरोदर बायकांसाठी वजनकाटा आहे. शनिवारी लेकरं घरी गेली की मी त्याला त्यावर उभं करायचे. दर शनिवारी आकडा थोडा खाली आलेला असायचा. दिवसभर मी पोरांच्या आयांना सांगायचे, हे खाऊ घाला, ते खाऊ घाला, वजन भरेल. माझ्या घरात काय घालावं ते मला कळत नव्हतं.

अशात एका संध्याकाळी तो आपणहून म्हणाला, "तिकडं मेसमंदी खट्टा-मीठा पोर्क भेटे. थे खावंसं वाटते."

आजारपणात त्याने काही मागितलं ते हे पहिलंच, आणि मागून मागून काय मागितलं, तर डुकराचं मटण. आमच्या घरात ते येत नाही. आजेसासऱ्यांनी धम्म घेतला तेव्हाच सोडलं. त्या मटणावरून गाव हिणवायचं, म्हणून त्यांनी ते ताटातून काढलं, आणि सासूबाईंनी तो नेम आजवर राखला.

"माह्या सासऱ्यानं सोडलं, अन् तू त्याच्या नातवाले चारतं?" त्या म्हणाल्या.

"त्याचं वजन पाह्यलं का तुमी, आई?"

त्या उठून बाहेर गेल्या. थोड्या वेळाने गोठ्यातून एक पोचे पडलेला जर्मनचा गंज, ॲल्युमिनियमचं जुनं पातेलं, घेऊन आल्या आणि माझ्यासमोर आपटला. "याच्यात कर. अंगणातल्या चुलीवर. कुकर अन् घरातली भांडी बाटवू नोको."

रविवारी सकाळी मी एसटीने राळेगावला गेले. वस्तीच्या कडेला लिंबाखाली एकजण लाकडी ओंडक्यावर हे मटण कापून विकतो. मी तोंडाला रुमाल बांधला होता तरी त्याने मला ओळखलं. "ताई, तुमी?" मी म्हटलं, पाहुणे आलेत. का म्हटलं कोण जाणे. येताना एसटीत पिशवी मांडीवर धरून बसले आणि स्वतःवरच चिडले.

मोबाइलवर रेसिपीचा व्हिडिओ लावला होता, त्यातली बाई हिंदीत सांगत होती, तुकडे आधी पिठात घोळवून कडक तळून घ्या. ते आम्हाला जमणारं नव्हतं. त्याचं तोंड दोन बोटांएवढंच उघडायचं आणि लाळ सुटायची नाही. मी बोटाच्या पेरापेक्षा बारीक तुकडे केले आणि हळद-मीठ लावून गंजात शिजत ठेवले. चरबी काढून टाकायला लागले तर मागून आवाज आला, "काहून काढून राह्यली? वजन भरायचं हाये ना त्याचं?" सासूबाई दारात बसल्या होत्या, तोंड रस्त्याकडे करून.

कुकर नाही म्हटल्यावर दुपार चुलीपाशीच गेली. धुराने डोळे चुरचुरत होते. तुकडे लोण्यासारखे मऊ झाले तेव्हा त्यांना चरबीतच जरा परतलं, आणि सॉससाठी व्हिनेगर ओतलं. तो आंबूस वास घरात शिरला मात्र, आतून त्याचा खोकला सुरू झाला. थांबेचना. मी धावले, पाठ चोळली, घोटभर पाणी दिलं. परत आले तर चूल विझत आलेली. मी तिथेच पाटावर बसले. आता फेकून द्यावं आणि भाताची पेज करावी असंच मनात आलं. तो "चालते" म्हणाला असता. मीही "चालते" म्हणून मोकळी झाले असते.

सासूबाई उठल्या, आत गेल्या आणि एक डबा आणून माझ्याजवळ ठेवला. त्यात अंबाडीची वाळवलेली लाल फुलं होती. उन्हाळ्यात सरबताला लागतात म्हणून त्या हिवाळ्यात वाळवून ठेवतात. "आंबटच पाह्यजे ना तुले," म्हणाल्या, आणि पुन्हा दारात जाऊन बसल्या.

मग व्हिनेगरातले तुकडे मी गरम पाण्याने धुऊन काढले, गंज घासला, अंबाडीची फुलं उकळून गाळली. लालभडक पाणी निघालं. त्यात गूळ, थोडा टोमॅटो, चिमूटभर सुंठ. तिखट नाही, मसाला नाही. असलं मटण वऱ्हाडात पाहुण्याला वाढलं तर पाहुणा चप्पल शोधायला लागेल. रस दाट झाल्यावर तुकडे त्यात सोडले. "मटणात गूळ! काय बाप्पा!" दारातून ऐकू आलं.

ऊन उतरल्यावर त्याला अंगणात खाटेवर बसवलं आणि वाटी हातात दिली. पाठ करायचं त्राण नव्हतं, म्हणून समोरच बसले. त्याने चमचाभर तोंडात घातलं. बराच वेळ घोळवलं. मग डोळे बारीक केले, गाल आत ओढले.

"भलतंच आंबट झालं," तो म्हणाला. "गूळ टाक थोडा."

माझा तोल गेला. "सकाळपासून मरून राह्यली मी! तोंड बांधून थे मटण आणलं, दिवसभर धुरात बसली, अन् तुमाले आंबट लागते? मंग करा ना तुमच्या हातानं! आयुष्यभर हेच केलं तुमी, हे जास्त, थे कमी..."

"थांब व," सासूबाई म्हणाल्या. त्या दारातून वळल्या होत्या आणि सकाळपासून पहिल्यांदा त्या मटणाकडे बघत होत्या. "काय म्हणला थो?"

"काय म्हणणार? आंबट झालं म्हणते."

"मंग त्याले आंबट लागलं ना, बाई."

मी त्याच्याकडे बघितलं. तो चमचा हातात तसाच धरून माझ्याकडे बघत होता. त्याच्याही आत्ताच लक्षात आलं असावं, कारण त्याने दुसरा चमचा घाईघाईने घेतला आणि त्यालाही तसंच तोंड वाकडं केलं.

मी गूळ आणायला घरात गेले. डबा उघडला आणि तिथेच खाली बसून तोंडात पदर कोंबून रडले. किती महिन्यांचं साचलं होतं कोण जाणे. बाहेर वाटीत चमचा वाजत होता, थांबत नव्हता. मग त्याचा आवाज आला, जुना, खोड काढणारा.

"अन् मीठबी कमी हाये."