सिस्टरांचे बावन्न सेकंद

सिस्टर रोज सकाळी पोहून झालं की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच ओळ टाकायच्या : ‘आज पाण्यात जाऊन आले. बरं वाटलं.’ त्या ओळीच्या वर कुणीतरी दीड किलोमीटरच्या प्रत्येक फेरीची वेळ टाकलेली असायची, खाली कुणाच्या तरी घड्याळाचा स्क्रीनशॉट, आणि मधोमध ही ओळ. तिला उत्तर कुणी द्यायचं नाही. मी कधीमधी एखादा अंगठा टाकायचे, तोही निम्म्या वेळेला राहून जायचा. सिस्टरांना त्याचं काहीच नसायचं.

घाटकोपरच्या आमच्या तलावावर सकाळी सातची बॅच. पहिल्या पाच लेन मास्टर्सवाल्यांच्या, म्हणजे चाळिशी उलटली तरी स्पर्धांत उतरायची हौस न फिटलेल्या मंडळींच्या. शेवटची, सहावी लेन आमची. गुडघे, मणके, शुगर, डॉक्टरने पाठवलेला सगळा माल तिथे. मी कंबरेच्या दुखण्यामुळे आले होते. सिस्टर सरकारी हॉस्पिटलात चौतीस वर्षं नर्स होत्या आणि रिटायर झाल्यावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी पोहायला शिकल्या होत्या. लेन वेगळ्या, ग्रुप मात्र सगळ्यांचा एकच. खरं सांगू? मला त्या ग्रुपचा भयंकर कंटाळा यायचा. सकाळी सकाळी दुसऱ्यांच्या फुप्फुसांचे रिपोर्ट कोण वाचत बसणार? सिस्टर मात्र सगळं वाचायच्या. ‘तिसऱ्या लेनवाला दोन सेकंदांनी सुधारला गं,’ असं मला कौतुकाने सांगायच्या. त्या तिसऱ्या लेनवाल्याने सिस्टरांकडे उभ्या जन्मात पाहिलं नसेल.

ग्रुपचा ॲडमिन म्हणजे कॅप्टन. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला सेकंदांशिवाय दुसरं काही सुचायचं नाही. एकदा पायऱ्यांवर त्याने सिस्टरांना गाठलं. “सिस्टर, तुमचं टार्गेट काय? काहीतरी गोल पाहिजे ना यार!”

सिस्टर टॉवेलने कान पुसत होत्या. “टार्गेट कसलं रे? आमच्या गावात माझी आई विहिरीपासून लांब घागर घेऊन उभी राहायची, कुणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत. मी आख्खी पाण्यात जाऊन बसते. अजून किती पुढे जाऊ?”

“झकास, झकास,” म्हणत कॅप्टन निघून गेला. त्याने ऐकलं होतं की नाही, देव जाणे.

तलावाच्या भिंतीवर एक भलंमोठं घड्याळ आहे. त्याला एकच लाल काटा, मिनिटात एक फेरा मारणारा. मास्टर्सवाले त्याच्यावर वेळ बघतात. एका सकाळी सिस्टरांच्या काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यांनी ग्रुपवर लिहिलं, ‘आज दोन फेऱ्या, ५२ सेकंद.’ दोन फेऱ्या म्हणजे पन्नास मीटर. एकसष्टीच्या बाईसाठी ही वेळ म्हणजे चेष्टा नव्हे. ग्रुप नुसता पेटला. टाळ्या, बदाम, ‘सुपर सिस्टर!’ कॅप्टनने तर लगेच वय विचारलं. मास्टर्सच्या रिलेमध्ये चौघांच्या वयाची बेरीज करून गट ठरतो, आणि ह्यांना बेरीज वर न्यायला एक वयस्कर बाई हवीच होती. ‘लॉटरी लागली रे!’ त्याने लिहिलं. सिस्टरांचं वय आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी कामाला आलं.

ते बावन्न सेकंद खोटे आहेत हे मला त्याच दिवशी कळलं होतं. त्या फेऱ्यांच्या वेळी मी त्याच लेनमध्ये भिंतीला टेकून उभी होते. मी टोपी काढून पुन्हा घातली, लाइफगार्डशी गप्पा मारल्या, तरी सिस्टर अर्ध्यावरच होत्या. पण म्हटलं, कोण तोंड घालणार ह्या लोकांच्यात? शिवाय बाई खुशीत होत्या. तो आठवडाभर मास्टर्सवाले स्वतःहून त्यांना हात करत होते. टीमची निळी टोपी मिळाली, ती त्यांनी घरी नातवाला घालून फोटो काढला. ज्यांनी तीन वर्षं साधं ‘गुड मॉर्निंग’ केलं नाही, ते आता ‘सिस्टर, ब्रेकफास्टला थांबा ना’ म्हणत होते. आणि त्या थांबत होत्या. इतक्या हौसेने थांबत होत्या की मला बघवेना.

आठव्या दिवशी सिस्टर पाण्यात भिंत धरून बराच वेळ त्या घड्याळाकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, “अगं, हा काटा एकदा फिरून गेला असणार. एक मिनिट बावन्न.”

“जाऊ द्या ना सिस्टर. स्पर्धेला अजून तीन महिने आहेत.”

“तुला माहीत होतं?”

मी मान हलवली. त्यांनी रागावायला हवं होतं, पण त्या हसल्या. “जन्मभर नाडी मोजली ना. सेकंदकाटा बघायचा, मिनिटाच्या आत हात सोडायचा. मिनिटाच्या पुढे मोजायची सवयच नाही मला.”

“मग नका ना सांगू कुणाला.”

“वा गं! वॉर्डात असं केलं असतं तर घरी बसवलं असतं मला.”

त्याच दुपारी त्यांनी ग्रुपवर लिहिलं : ‘माझी चूक झाली. वेळ एक मिनिट बावन्न सेकंद आहे. टीममधून नाव काढावे. टोपी धुऊन परत करते.’ कॅप्टनचं उत्तर आलं, ‘ओके सिस्टर, नो टेन्शन.’ दोघातिघांनी हात जोडले. संपलं.

चार दिवसांनी मला एका नव्या ग्रुपमध्ये घेतलं गेलं. सहाव्या लेनमधली मी एकटीच, कारण ह्यांचे स्पर्धेचे फॉर्म मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर भरून द्यायचे. जुन्या ग्रुपमधून कुणी बाहेर पडलं नाही, कुणाला काढलंही नाही. फक्त तिथे लिहिणं थांबलं. सिस्टर लिहीत राहिल्या. नवा ग्रुप सोडावा असं मला रोज वाटायचं. सिस्टरांना सांगून टाकावं असंही वाटायचं. मी दोन्ही केलं नाही. कंटाळा, असं कारण मी स्वतःला द्यायचे. खरं म्हणजे आपल्याला घेतलं, ह्याचं मला बरं वाटत होतं. लाज वाटते आज लिहिताना.

मग सिस्टरांच्या मुलाची बदली नाशिकला झाली. शेवटच्या दिवशी केस पुसता पुसता त्या म्हणाल्या, “ग्रुपवर सगळ्यांचा निरोप घेतलाय मी. आता तुझ्याकडे एक काम आहे. त्या नव्या ग्रुपवर लिहायचंय.”

“तुम्हाला... कधीपासून...”

“अगं, पेशंटला कुणी सांगत नाही, तरी त्याला कळतंच की. ते सोड. तो कॅप्टन हल्ली फेरी संपली की डावा खांदा चोळत उभा राहतो. चेहरा पांढरा पडतो त्याचा. महिनाभर बघतेय मी. ईसीजी काढून घे म्हणावं. माझं तो वाचणार नाही, तुझं वाचेल.”

मी घरी जाईपर्यंतही थांबले नाही, तिथेच ओल्या बाकावर बसून, सिस्टरांचं नाव घालून लिहिलं. कॅप्टनने आधी चेष्टा केली, मग बायकोने ढकलत नेलं. दोन ब्लॉकेज निघाले.

चार महिन्यांनी तो परत आला, तो आमच्याच लेनमध्ये. डॉक्टरांनी शर्यती बंद केल्यात. एक फेरी झाली की धापा टाकत भिंत धरतो. परवा इकडे तिकडे बघत मला म्हणाला, “सिस्टर दिसत नाहीत गं. थँक्स म्हणायचं राहिलंय.”

“त्या नाशिकला गेल्या, कॅप्टन. कधीच गेल्या. सगळ्यांचा निरोप घेतला होता की ग्रुपवर.”

“कुठल्या ग्रुपवर?”

सांगितलं त्याला, कुठल्या ते. मग त्याने काठावरचा फोन ओढला आणि पाण्यात उभ्या उभ्याच जुन्या ग्रुपवरच्या सिस्टरांच्या ओळी वाचायला लागला.