गालावरचे वण

गौतमच्या जलदानविधीला बुद्धमूर्तीशेजारी जो फोटो ठेवला होता, तो मी बिघडवलेला होता. हे आधीच सांगून टाकतो. त्याशिवाय त्याच्याविषयी काही लिहायचा मला हक्क नाही. नांदेडहून निरोप आला, काविळीनं गौतम गेला. आणि घरात त्याचा धड एकही फोटो नाही, तुमच्याकडं असला तर मोठा करून आणा. सगळ्यांचे फोटो काढणारा माणूस... स्वतःचा एकच काढू दिला, तोही मला. लातूरच्या माझ्या स्टुडिओत ती निगेटिव्ह मी टेबलावर घेतली आणि रोज गिऱ्हाइकांसाठी करतो तेच केलं. गालांवरचे देवीचे वण ब्लेडनं खरवडले, उरलेले पेन्सिलीनं भरले, आणि रंग उजळ दिसेल अशी प्रिंट काढली. चारचौघांत तो चांगला दिसावा, असं मनाशी म्हणालो.

गौतम शाळेत चित्रकला शिकवायचा. सुटीत आम्हा पाच-सहा मित्रांना एसटीनं कधी भोकरकडं, कधी देवणीकडं न्यायचा आणि फोटो काढायला शिकवायचा. कॅमेरे दोनच, रोलही मोजका. पहिला दिवसभर कॅमेरा पिशवीतच राहायचा. उन्हात मूठ धरायची, हळूहळू स्वतःभोवती फिरायचं आणि मुठीवर उजेड कसा उतरतो ते बघायचं. "मूठ बघा आधी, मानूस मग," तो म्हणायचा. गावातल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या, "मास्तर उन्हाला बुक्की दाखवून राहिले गं!"

दुष्काळाच्या साली देवणीला गेलो तेव्हा झाडांना पान नव्हतं. माणसाला बसवायला सावलीच नाही, सगळीकडं पांढरा भगभगता उजेड. एका म्हाताऱ्याला गाईबरोबर फोटो हवा होता. मी तेव्हा नुकताच स्टुडिओ टाकला होता; सवयीनं फ्लॅश काढला. गौतम उखडला.

"उजेड वाढवू नको. मानूस फिरव."

त्यानं म्हाताऱ्याला गोठ्याच्या दारात उभं केलं, तोंड जरासं बाहेर वळवलं.

"काळा येईल की रे," मी म्हणालो.

"मग? हाय तसा येईल. तुझा स्टुडिओ हाय का धोबीघाट?"

सगळे हसले, मीही हसलो. मग त्याच दारात गौतम स्वतः बसला. "काढ माझा. बघू काय शिकला." मी काढला. माझ्या हातून निघालेला तेवढाच एक खरा फोटो.

पुढं लातूर जिल्हा झाला. नवी कचेरी, नव्या नोकऱ्या. माझ्या दारात अर्जाच्या फोटोंची रांग लागली आणि मी त्याच्याबरोबर जाणं सोडलं. हळूहळू त्याच्या सहलीही थांबल्या. त्यानं शिकवलेल्यांत आज रोजची भाकरी फोटोवर कमावणारा मी एकटा... आणि मी हा असा.

विधी आटोपल्यावर वहिनी, गौतमची बायको, फोटोपुढं बसून राहिल्या. "भाऊजी, ह्ये कोन हाय? वण कुठं गेले? लेक लहान असताना त्यावर बोट फिरवत झोपायची." दुसरा करून आणतो म्हणालो आणि निघालो.

पेन्सिल पुसली गेली. रंगही परत आला. पण ब्लेडनं खरवडलेलं परत येत नाही. कितीतरी प्रिंट काढल्या. गाल सपाट ते सपाट. ओळखीच्यांकडं विचारून पाहिलं, दुसरा फोटो कुणाकडंच नाही.

मागच्या आठवड्यात त्यातल्या त्यात बरी प्रिंट घेऊन नांदेडला गेलो. वहिनींनी ती दाराच्या उजेडात धरली.

"रंग त्यांचाच हाय," त्या म्हणाल्या. "अन् वण?"

"येत नाहीत वहिनी. निगेटिव्हच खरवडली मी."

"पन का?"

गोरा करायची सवय, हात आपोआप चालला, असं सांगता आलं असतं. ते मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं होतं.

"तो जसा होता तसा चारचौघांत ठेवायची मला लाज वाटली, वहिनी," मी म्हणालो. "माझं चुकलं."